चुन्याचं बिल



चातुर्मासातल्या पाण्यावरचा मागचा लेख वाचून दोघीतिघींनी विचारलं, की पाणी गाळण्याबद्दल एवढं लिहिता, मग वापरून झालेल्या पाण्याबद्दल कधी का लिहीत नाही? प्रश्न रास्त आहे. घरातलं सांडपाणी म्हणजे भांड्यांचं आणि कपड्यांचं, त्याबद्दल तुम्हाला माहीत नाही असं माझ्याकडे काही नाही. पण दुसऱ्या एका सांडपाण्याशी माझा गेली चौदा वर्षं संबंध आहे. तो संबंध मोरीतून आलेला नाही, वहीतून आलेला आहे. आज त्याबद्दल लिहिते. लेख थोडा लांबेल, तेव्हा कुकर लावून बसा.

पावण्याला एमआयडीसीत माझ्या मोठ्या दिरांचा प्लेटिंगचा कारखाना आहे. कारखाना म्हटलं की मोठं काही डोळ्यांपुढे येतं, पण हा एक गाळा, मागे थोडी मोकळी जागा आणि अठरा माणसं एवढाच आहे. नट, बोल्ट, वॉशर, बिजागऱ्या, कड्या येतात, त्यांना गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा देऊन आम्ही परत पाठवतो. माल पार्टीचा, मुलामा आमचा, पैसे किलोवर. लग्नाआधी मी बी.कॉम. झाले होते म्हणून हिशेब माझ्याकडे आला. दर शनिवारी भाऊजी बिलांची पिशवी पाठवतात आणि दुपारची आवराआवर झाली की मी ती जेवणाच्या टेबलावर पालथी करते.

पहिल्या वर्षी मला सगळ्यात नवल वाटलं होतं ते चुन्याच्या बिलाचं. मुलामा देणाऱ्या कारखान्याला गोण्यांनी चुना कशाला लागतो? जाऊबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, भिंती रंगवत असतील. शेवटी मी एक दिवस रिक्षाने पावण्याला गेले आणि बघून आले.

लोखंड आधी अ‍ॅसिडमध्ये बुडवतात, गंज निघावा म्हणून. मग धुतात. मग जस्ताच्या टाकीत घालून वीज सोडतात. पुन्हा धुतात. मग क्रोमियमच्या द्रावणात एक बुडी देतात, त्याने ती पिवळी, किंचित इंद्रधनुष्यासारखी झाक येते. तुमच्या दाराच्या कडीवर बघा, असेल. मग पुन्हा धुतात. म्हणजे प्रत्येक टाकीनंतर विसळणं आलंच. कारखान्याचं सांडपाणी म्हणजे बहुतेक हे विसळण्याचंच पाणी, आणि त्यात अ‍ॅसिड, जस्त आणि क्रोमियम.

आपण भांडी तीन पाण्यांतून काढतो, पहिलं गढूळ, दुसरं बरं, तिसरं स्वच्छ. माझी आजी तिसऱ्या टोपातलं पाणी फेकत नसे, ते पुढच्या वेळी दुसऱ्या टोपाला यायचं आणि दुसऱ्याचं पहिल्याला. प्लेटिंगमध्येही हेच करतात, त्याला उलट्या प्रवाहाचं विसळणं म्हणतात. आणखी एक साधी गोष्ट मी तिथे पाहिली. माल टाकीतून वर काढल्यावर लगेच पुढे न नेता टाकीवरच थोडा वेळ धरून ठेवायचा, निथळू द्यायचा. तळणातून पुरी काढल्यावर आपण झारा कढईवर धरतो तसा. जेवढं टाकीतच निथळेल तेवढं जस्त वाचतं आणि तेवढं विसळण्याच्या पाण्यात कमी उतरतं. पण माल किलोवर आणि कामगार घाईत, त्यामुळे या काही सेकंदांवरून सुपरवायझरची रोज वादावादी होते.

आता चुना. पिवळ्या क्रोमचं पाणी वेगळ्या टाकीत घेतात. त्यात क्रोमियमचं जे रूप असतं ते सगळ्यात वाईट, कर्करोग करणारं. आधी अ‍ॅसिड घालून पाणी चांगलं आंबट करतात, पीएच अडीच-तीनपर्यंत, मग सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात. डोळ्यांदेखत पिवळं पाणी हिरवट होतं. म्हणजे क्रोमियम निवळून कमी घातक रूपात आलं. मग ते बाकीच्या पाण्यात मिसळून त्यात चुना कालवतात. पीएच साडेआठ-नऊला गेला की जस्त आणि क्रोमियम पाण्यातून फुटून खाली बसतात, दूध नासल्यावर चोथा बसतो अगदी तसे. वरचं पाणी पुढे जातं. खालचा चोथा दाबून त्याच्या वड्या काढतात, त्याला स्लज म्हणतात. हा स्लज घातक कचऱ्यात मोडतो. कचराकुंडीत टाकायचा नाही, भंगारवाल्याला द्यायचा नाही. पिशव्यांत भरून तळोज्याच्या घातक कचरा प्रकल्पात पाठवायचा, सोबत सात प्रतींचं चलन, प्रत्येक प्रतीचा रंग वेगळा. त्यातल्या प्रती परत येतात त्या माझ्या फाइलला लागतात.

कायद्याचं सांगायचं तर महाराष्ट्र यात मागे नव्हता. केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा, पण आपल्या राज्याने १९६९ मध्येच स्वतःचा केला होता आणि १९७० च्या सप्टेंबरमध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ उभं राहिलं. कारखाना काढायला त्यांची संमती, चालवायला वेगळी संमती. प्लेटिंग लाल वर्गात येतं, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्यांत. संमतीपत्रात रोज किती पाणी बाहेर जाईल आणि त्यात काय किती चालेल ते लिहिलेलं असतं. जस्त लिटरला ५ मिलिग्रॅम. ते घातक क्रोमियम लिटरला ०.१ मिलिग्रॅम. चौदा वर्षांपूर्वी हा आकडा वाचला तेव्हा मी मीठ तोलायचा चमचा हातात घेऊन विचार करत बसले होते, एक ग्रॅम म्हणजे किती. त्या हिशेबाने एक ग्रॅम क्रोमियमला दहा हजार लिटर पाणी लागतं.

आमचं पाणी थेट नाल्यात जात नाही. या टीटीसी पट्ट्याला, म्हणजे दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या कारखान्यांना, एक सामायिक प्रक्रिया प्रकल्प आहे, रोजच्या २७ दशलक्ष लिटर क्षमतेचा. छोट्या गाळ्यांना स्वतःचा मोठा प्रकल्प परवडत नाही म्हणून ही सोय. प्रत्येकाने आपल्याकडे प्राथमिक प्रक्रिया करायची आणि उरलेलं काम तिथे व्हायचं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्पष्टच सांगितलं, की प्राथमिक प्रक्रियेची सोय चालू नसेल तर कारखाना चालता कामा नये.

ही प्राथमिक प्रक्रिया का हवी, हे मला एका रसायनशास्त्र शिकवणाऱ्या ताईंनी समजावलं, आणि ते ऐकल्यापासून माझ्या मनातून जात नाही. सामायिक प्रकल्पात पाणी साफ करायचं मुख्य काम जिवाणू करतात. हौदात हवा सोडून त्यांना जगवतात, ते घाण खातात आणि पाणी निवळतं. एखाद्याने क्रोमियमचं किंवा अ‍ॅसिडचं पाणी तसंच सोडून दिलं तर तेच मरतात. मग इतर शेकडो कारखान्यांचं पाणी साफ करायला कुणी उरत नाही, आणि ते पुन्हा वाढेपर्यंत दिवस जातात. एका गाळ्याने वाचवलेल्या चार गोण्या चुन्याची किंमत अशी फिरते.

हे सगळं पाणी शेवटी ठाण्याच्या खाडीत उतरतं. पारसिकच्या डोंगरातून निघालेले नाले एमआयडीसीतून येतात, ठाणे-बेलापूर रस्त्याखालून, रेल्वेखालून वस्तीत शिरतात आणि खाडीला मिळतात. पावसाळ्यात हे डोंगरातले ओढे आहेत हे अजून कळतं. इतर आठ महिने नाल्यात पाणी असेल तर ते कुणीतरी सोडलेलं असतं, एवढं समजायला रसायनशास्त्र लागत नाही. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई पावणे गावच्याच, आगरी. त्यांचे सासरे नाल्याच्या मुखाशी जाळं लावायचे. त्या म्हणतात, "ताई, पयले तिथं कोलंबी गावायची. आता पाय धुवाला पन उतरत नाय कोनी."

आता तुम्ही म्हणाल, आपण तर मासे खात नाही. मलाही कुणीतरी हेच म्हणालं होतं, आणि जरा अभिमानाने. पण मासा ताटात आला नाही म्हणून तो आपल्यामुळे मेला नाही, असं कसं म्हणता येईल? बाईंच्या सासऱ्यांनी जाळ्यात धरले असतील तेवढे मासे, आणि एका रात्री सोडलेल्या अ‍ॅसिडने नाल्याच्या मुखाशी मरतील तेवढे, यांची बेरीज कधी कुणी मांडून बघावी. कारखाना चालवणाऱ्यांत आपले लोक किती आहेत हे तुम्हाला माहीत आहे.

पक्ष्यांचंही सांगते, कारण नवी मुंबईत पाण्याचा विषय निघाला की लोक रोहित पक्षी दाखवतात. खाडीचा भाग २०१५ मध्ये त्यांचं अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. चांगलंच आहे, आम्ही सगळे जाऊन बघून आलो. पण छोटा रोहित खातो ती शेवाळं, आणि ती सांडपाण्यातल्या खतावळ द्रव्यांवरही छान पोसतात. तेव्हा पक्षी आले म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं प्रमाणपत्र त्यांच्या नावावर खपवू नये. केंद्रीय मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक भागांना प्रदूषणाचे गुण दिले होते. ७० च्या वर म्हणजे अतिगंभीर. नवी मुंबईला ७३.७७ होते. तेव्हाही रोहित येतच होते.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, पंचगंगेच्या बाजूचं. नदी पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वर कोल्हापूर आणि इचलकरंजी, म्हणजे शहरांचं सांडपाणी, साखर कारखाने, कापडाची प्रोसेसिंग. उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा थर आल्याची बातमी इतक्या वेळा छापून आली आहे, की आमच्याकडे तिला बातमी म्हणायचं बंद झालं. इचलकरंजीच्या दारात पंचगंगा असून पिण्याचं पाणी कृष्णेतून लांबून आणावं लागलं, पुढे दूधगंगेतून सुळकूडहून आणायचं ठरलं तर त्या काठचे लोक नको म्हणून उठले. त्यांचं तरी काय चुकलं? २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा माझी मावशी महिनाभर अंथरुणावर होती. ती साथ मैल्याच्या पाण्याची होती, कारखान्यांची नव्हे, हे मुद्दाम लिहिते. पण नदीला असा वेगळा हिशेब ठेवता येत नाही.

माझ्या आजीच्या घरी आडाचं पाणी दुपदरी फडक्यातून गाळायचे. ते आपल्या सगळ्यांकडे होतं. पण आजी त्यानंतरचं जे करायची ते आता फार कमी घरांत उरलं आहे. फडक्यावर जे राहिलं असेल ते गाळलेल्याच पाण्याने हलकेच भांड्यात उतरवून घ्यायची. ती जिवाणी. मग ते भांडं दोराने खाली पाण्याला टेकेपर्यंत सोडायची आणि तिथे कलतं करायची. वरून ओतायचं नाही, आपटून जीव मरतात. आणि ज्या आडाचं पाणी त्याच आडात. शेजारच्या आडात नाही, ओढ्यात नाही, कारण दुसऱ्या पाण्यात ते जगत नाहीत. लहानपणी मला हे फार किचकट वाटायचं. आता वाटतं, की नियमाचा अर्धा भाग आपण ठेवला आणि अर्धा सोडला. आपल्या पोटात जाणारं पाणी गाळायचा भाग ठेवला. पाण्याला परत काय जातं, कुठे जातं आणि कसं जातं, तो भाग सुटला. मुनींच्या पाच समितींत शेवटची उत्सर्ग समिती आहे ती नेमकी याचीच, टाकायचं ते कुठे आणि कसं टाकायचं. ती व्रतींसाठी आहे हे मला माहीत आहे. पण अठरा माणसांचा कारखाना जेवढं टाकतो तेवढं कुठलेही मुनी जन्मभरात टाकत नाहीत.

असो. वहीकडे येते, कारण मला सांगायचं आहे ते वहीतलंच आहे.

मंडळाचे अधिकारी येतात तेव्हा पाण्याचा नमुना घेतात. कायद्यात त्याची रीत घालून दिलेली आहे. नोटीस द्यायची, नमुन्याचे समोरासमोर दोन भाग करायचे, दोन्हींवर सील, दोन्ही पक्षांच्या सह्या. पुढे कोर्टात कुणी कुणावर ढकलू नये म्हणून. रीत चांगली आहे. पण नमुना त्या घटकेचं सांगतो. साहेब आले त्या दुपारी अकराच्या सुमाराला पाणी कसं होतं, एवढंच. रात्री दोन वाजता कसं होतं ते बाटलीत येत नाही. सतरा अतिप्रदूषणकारी प्रकारच्या उद्योगांना आणि सामायिक प्रकल्पांना २०१४ पासून चोवीस तास मोजणारी यंत्रं लावायला सांगितली आहेत, पण आमच्यासारखे गाळे त्यात येत नाहीत.

वही मात्र वर्षभराचं सांगते. माझ्याकडे पाच आकडे असतात. एमआयडीसीचं पाण्याचं बिल. सांडपाणी प्रक्रियेसाठी संमतीपत्रात वेगळा वीजमीटर लावायला सांगतात, त्याचे युनिट. चुन्याच्या गोण्या. मेटाबायसल्फाइटची पोती. आणि तळोज्याला गेलेल्या स्लजचे किलो. ही पाच माणसं एकमेकांना चांगली ओळखतात. काम वाढलं की पाचही वाढतात, दिवाळीत आठ दिवस बंद ठेवलं की पाचही खाली येतात. माल वाढतोय, पाणी वाढतंय, पण चुना तेवढाच आणि स्लज कमी, असं झालं तर कुणीतरी कुठेतरी व्हॉल्व्ह उघडलाय हे मी पावण्याला न जाताही सांगू शकते. चूल किती वेळ पेटली हे गॅसच्या सिलिंडरवरून कळतं ना, तसं.

दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला पर्यावरण विवरणपत्र द्यायचं असतं, ३० जूनपर्यंत घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण. दोन्ही मीच भरते. यातले बरेचसे आकडे त्यांत असतातच. कुणी ते शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर अधिकाऱ्याला निम्म्या ठिकाणी बाटली घेऊन जावंसुद्धा लागणार नाही, नेमकं कुठे जायचं ते कळेल. एखादी हिशेब करणारी बाई नेमा म्हणावं, आठवड्यात यादी काढून देईल!

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ कारखान्यात आले. पांढरा शर्ट, बोलणं अदबीचं. मी त्या दिवशी तिथेच होते. गंज काढून काढून अ‍ॅसिड मरतं, त्यात लोखंड उतरतं, ते मग टाकावं लागतं. त्याची रीतसर विल्हेवाट आमच्या खर्चातली मोठी बाब आहे. हे गृहस्थ म्हणाले, रात्री टँकर पाठवतो, निम्म्याहून कमी पैशांत उचलतो, कागद काही करायचे नाहीत. मी विचारलं, टँकर रिकामा कुठे होतो? ते हसून म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय, ताई? तुमच्या गेटबाहेर गेलं की आमचं."

टँकर कुठे रिकामे होतात हे पेपरात येतं. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीला उल्हासनगरात वालधुनी नदीत कुणीतरी रात्री रसायन सोडलं आणि शेकडो माणसं उलट्या आणि श्वासाच्या त्रासाने दवाखान्यात गेली. ६ जानेवारी २०२२ ला सुरतजवळ सचिन औद्योगिक वसाहतीत टँकर नाल्यात ओतत असताना वायू उठला. शेजारच्या कारखान्यातले सहा कामगार गेले. त्यांचा त्या टँकरशी काही संबंध नव्हता.

माझा पुतण्या तेव्हा नुकताच कामाला लागला होता. इंजिनियर आहे, हुशार आहे, त्याने तिथल्या तिथे फोनवर आकडेमोड केली. म्हणाला, "काकू, वर्षाला एवढे वाचतात, आणि सगळेच देतात." भाऊजी काही बोलले नाहीत. त्यांनी त्या गृहस्थांना चहा पाजला, दारापर्यंत सोडून आले आणि वॉचमनला सांगितलं, की ही गाडी पुन्हा आत घ्यायची नाही. यात धर्म किती होता आणि भीती किती, ते मला सांगता येणार नाही. मी विचारलंही नाही.

पुतण्याने त्या आठवड्यात माझ्याकडून दंडाचं गणित समजून घेतलं. केंद्रीय मंडळाचं पर्यावरण भरपाईचं एक सूत्र आहे. लाल वर्गाला ८०, त्याला साधारण २५० रुपयांनी गुणायचं, लघुउद्योग म्हणून निम्मं करायचं आणि वस्तीच्या आकाराप्रमाणे वाढवायचं. आमच्यासारख्याला नवी मुंबईत दिवसाला सुमारे साडेबारा हजार येतात. छोट्या गाळ्याला हे खूप आहेत. पण त्याने लगेच विचारलं, "हे सापडल्यावर ना? आणि किती जण सापडतात?" मुलगा बरोबर बोलला. उल्हास आणि वालधुनीच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१५ मध्ये सुमारे ९५ कोटींचा दंड लावला होता, वनशक्ती संस्थेच्या अर्जावर. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिकडे तळोज्याला कासाडी नदीसाठी तिथल्या मच्छीमारांनाही लवादाचंच दार ठोठवावं लागलं. म्हणजे ज्याचं पाणी गेलं त्यानेच वकील करायचा, वर्षं घालवायची.

आणि २०२४ मध्ये केंद्राचा कायदा बदलला. बऱ्याच गुन्ह्यांची कैद काढून तिथे दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आला. सुरुवातीला तो हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाला, बाकी राज्यांनी ठराव करून स्वीकारायचा. व्यापाऱ्यांना बारीकसारीक चुकीसाठी तुरुंगाची भीती नको, असं त्यामागचं म्हणणं आहे. आमचे भाऊजी खूश आहेत, मी त्यांच्याएवढी नाही. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला विचारा. तुरुंग वहीत लिहिता येत नाही, दंड लिहिता येतो. लिहिता आला की तो खर्चाचा एक रकाना होतो, आणि खर्च म्हटला की कुणीतरी तो विक्रीच्या दरात बसवायला लागतं.

दरावरूनच आम्हाला खरा फटका बसला. गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या सगळ्यात मोठ्या पार्टीने, बिजागऱ्यांवाल्यांनी, किलोमागे दीड रुपया कमी करा म्हणून सांगितलं. दुसरा एकजण त्या दरात करून द्यायला तयार होता. मी दोन रात्री बसून सगळं मांडलं. जस्त बाजारभावाने, ते सगळ्यांना सारखंच. अ‍ॅसिड सारखं. वीज सारखी. मजुरी फार तर दहा-वीस पैसे इकडेतिकडे. कितीही ओढलं तरी दीड रुपया निघत नव्हता. मग मी चुना, मेटाबायसल्फाइट, प्रक्रियेची वीज, सामायिक प्रकल्पाचं बिल, मेलेल्या अ‍ॅसिडची विल्हेवाट आणि तळोज्याचा खर्च हे एवढेच रकाने झाकले. दीड रुपया आला, वर सात पैसे.

तो दुसरा कारखाना मी पाहिलेला नाही. त्यांच्याकडे एखादी चांगली मशीन असेल, वर्षाचा नफा सोडून ते पार्टी धरत असतील. पण माझ्या वहीत तो आकडा एकाच ठिकाणाहून येत होता.

भाऊजींनी पन्नास पैसे कमी करायची तयारी दाखवली. पार्टी गेली. ओव्हरटाइम बंद झाला, मार्चमध्ये दोन मुलांना सांगावं लागलं. एक साताऱ्याकडचा, एक उत्तर प्रदेशचा, दोघेही अ‍ॅसिडच्या टाकीवर काम करणारे. जाऊबाईंनी या वर्षीचा शिखरजीचा बेत पुढे ढकलला. पुतण्या मधे महिनाभर माझ्याशी फारसं बोलत नव्हता. आता बोलतो. त्याने तिसरी विसळण्याची टाकी बसवली आहे, पाण्याचं बिल थोडं उतरलं, आणि माल निथळत ठेवायला टाकीवर एक आडवा दांडा लावला, म्हणजे कामगाराला हातात धरून उभं राहावं लागत नाही. हे आधी कुणाला कसं सुचलं नाही कोण जाणे.

मी एक केलं. त्या पार्टीच्या खरेदी विभागाला पत्र लिहिलं, भाऊजींच्या सहीने. आमच्याकडे परत या असं त्यात कुठेही लिहिलं नाही. एवढंच लिहिलं, की ज्याला काम द्याल त्याच्याकडून दरपत्रकाबरोबर दोन कागद मागा. मंडळाचं चालू संमतीपत्र, आणि मागच्या सहा महिन्यांची तळोज्याच्या चलनांची प्रत. संमतीपत्रात मुदत आणि रोजचं पाणी लिहिलेलं असतं, चलनावर किलो असतात. तुमचा माल किती किलो गेला ते तुम्हाला ठाऊक आहेच. बाकी काही मागू नका.

हे तुम्हालाही सांगून ठेवते, कारण तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरात प्लेटिंग, डाइंग, पावडर कोटिंग बाहेरून करून घेतात, आणि बिलं कोण लावतं हे मला माहीत आहे. संमतीपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावरही बघायला मिळतात, नाव घालून शोधायची. चलनं मात्र मागावीच लागतात. द्यायला टाळाटाळ झाली तर त्यातूनच बरंच कळतं.

पत्राला अजून उत्तर नाही. जानेवारीत त्यांची दरपत्रकं पुन्हा निघतात. मी तेच पत्र तारीख बदलून तयार ठेवलं आहे, यंदा त्यासोबत आमच्या स्वतःच्या चलनांच्या प्रतीही जोडणार आहे.